खाजवणारं प्रत्येक कुत्रं लुतीचं नसतं

पावसाळा लागला की नाशिकच्या मळ्या-वस्त्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘मोत्याला लूत लागली, त्याला लांब सोडून या.’ घरात लहान मूल असलं की भीती वाटणारच. पण सोडायच्या आधी आपण त्याला नीट बघू या.

लूत म्हणजे कातडीत शिरणारा, डोळ्यांना न दिसणारा बारीक किडा. ती बहुधा कानांच्या कडा, कोपरं आणि पोटापासून सुरू होते. जवळ झोपणाऱ्या माणसालाही तिची खाज सुटू शकते. ॲलर्जी, म्हणजे वावडं, मात्र कुणाला लागत नाही. वावडं असलेलं कुत्रं पंजे चाटत बसतं, त्याचे कान पुन्हा पुन्हा बिघडतात, काखा लाल होतात. कंबरेवर आणि शेपटीच्या बुडाशी केस झडले असतील, तर पहिला संशय पिसवांवर घ्यावा. पिसवांच्या लाळेचं वावडं असलं की एक-दोन चावेही पुरतात, म्हणून ‘आमच्याकडे एकही दिसली नाही’ हे उत्तर चालत नाही. ओल्या पांढऱ्या कापडावर त्याचे केस विंचरा. पडलेल्या काळ्या कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची घाण.

तरी नुसतं बघून खात्री होत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तोवर जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल काही लावू नका. कातडी भाजते आणि चाटलेलं पोटात जातं. आपली खाजेची ट्यूबही नको. पिसवांचं औषध घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच वेळी लागतं, पण कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या काहींनी मांजर दगावतं. अंथरुणाचं पोतं गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका, कारण अंडी तिथंच असतात.

खाज बारा महिने असेल, तर खाण्याचं वावडं तपासावं लागतं. डॉक्टर सांगतील ते एकच अन्न साधारण आठ आठवडे द्यायचं. मध्येच कुणी प्रेमानं बिस्किट दिलं की मोजणी पहिल्यापासून! (हे आजोबांना पटवणं औषधापेक्षा अवघड.) बागेतली द्राक्षं आणि बेदाणे तर एरवीही देऊ नका, त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

बांधावरच्या गाजरगवतानं आपल्या हातांवर पुरळ येतं, तसं त्याच्या उघड्या पोटावरही येऊ शकतं. फिरून आला की पोट आणि पंजे ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरडे करा. जखमेला वास आला, पू दिसला किंवा तोंड एकाएकी सुजलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.