एकच रायफल घ्यायची, तर कॅलिबर कोणतं?

आजचा प्रश्न अमेरिकेतल्या मॉन्टानामधून आलाय. तिथे राहणारे आपले एक श्रोते यंदा पहिल्यांदाच शिकारीचा परवाना काढतायत. हरीण आणि एल्क, दोन्हींसाठी एकच रायफल हवीय. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, पण तिथे ती परवान्याने चालते.

आधी एक घोळ मिटवू. कॅलिबर म्हणजे, ढोबळमानाने, गोळीची जाडी. पण नुसत्या जाडीवरून ताकद कळत नाही. पॉइंट थ्री-झिरो-एट विंचेस्टर, थर्टी-ऑट-सिक्स आणि थ्री हंड्रेड विंचेस्टर मॅग्नम, तिन्हींची गोळी साधारण ७.८ मिलिमीटरचीच. फरक काडतुसात मावणाऱ्या दारूचा. दारू जास्त, तर वेग जास्त. आणि खांद्याला बसणारा धक्काही जास्त!

माझं मत थर्टी-ऑट-सिक्सला. अमेरिकन लष्कराने १९०६ साली स्वीकारलेलं हे काडतूस, नावातला 'सिक्स' त्याच सालाचा. गंमत अशी, की रायफल तीच ठेवून गोळीचं वजन बदलता येतं. हरणाला १५० ग्रेन, म्हणजे सुमारे पावणेदहा ग्रॅम, पुरे. नर एल्क तीनशे किलोच्या वर जातो; त्याला १८० ग्रेनची, आत खोल जाणारी मजबूत गोळी घ्या. फक्त वजन बदललं की नेम पुन्हा तपासायचा, कारण गोळी वेगळ्या जागी लागते.

मग मॅग्नमच का नको? कारण धक्क्याची भीती बसली की चाप ओढताना डोळे मिटतात, खांदा आखडतो. गोळी छातीऐवजी पोटात लागते. जनावर लगेच पडत नाही. झाडीत शिरतं आणि तासन् तास तडफडतं. त्या यातनेला जबाबदार आपणच.

जिम कॉर्बेटना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७मध्ये मारल्याबद्दल भेट मिळालेली रिग्बी रायफल सात मिलिमीटरचीच होती. मदार नेमावर होती. अर्थात आफ्रिकेत रानरेडा किंवा हत्तीसमोर हा हिशेब चालत नाही. तिथे अनेक ठिकाणी पॉइंट थ्री-सेव्हन-फाइव्ह हीच किमान मर्यादा धरतात.

तेव्हा दादा, दुकानात जाण्याआधी रेंजवर जा. दोन-तीन रायफली मागून घेऊन चालवून बघा. जिचा विसावा बारही पहिल्यासारखाच शांतपणे सुटतो, ती तुमची. पुढच्या भागात दुर्बिणीबद्दल बोलू!