न चाखता वितळवलेले चॉकलेट

तरावीहची नमाज संपवून पुरुष मंडळी घरी येतात, गल्लीतल्या फळांच्या गाड्या आवरल्या जातात, तेव्हा कुठे काही स्वयंपाकघरांत चॉकलेट वितळवायला घेतले जाते. रात्रीचे साडेदहा-अकरा वाजलेले असतात. ईद आठवड्यावर आलेली, आणि बिया काढून आत बदाम भरलेल्या खजुरांची ताटे ओट्यावर मांडलेली. हे खजूर चॉकलेटमध्ये बुडवायचे, वर पिस्त्याचा चुरा भुरभुरायचा आणि डब्यात भरायचे. शीरखुर्म्याचा मान त्याच्या जागी आहेच. पण चॉकलेटचे खजूर, ब्राउनी, कपकेक हेही आता ईदच्या डब्यात हक्काने येऊन बसले आहेत. कितीतरी बायका-मुलींना त्यातून चार पैसे मिळतात. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर फोटो टाकला की ऑर्डरी येतात, आणि त्या फक्त मोहल्ल्यातून येत नाहीत.

शेजारच्या काकूंचा प्रश्न मात्र दरवर्षी ठरलेला. "अगं, दिवसभर पाणीसुद्धा पीत नाहीस, मग चव कधी बघतेस?"

"काकू, आमटी असती तर अडलं असतं. चॉकलेटची चव कारखान्यातूनच ठरून येते. आपण फक्त ती बिघडवायची नाही."

गरज पडल्यास जिभेच्या टोकावर चव पाहून थुंकून टाकावे, घशाखाली जाऊ देऊ नये, एवढी सवलत अनेक उलेमा सांगतात. तरी बहुतेक बायका त्या वाटेला जात नाहीत. चॉकलेटला त्याची गरजही नाही. त्याला हवी मंद आच आणि कोरडी भांडी.

यातला कोरडेपणा रमजानमध्ये जास्त सांभाळावा लागतो. मधेच अजान होते, वुजूसाठी हात-तोंड धुतले जाते, नमाज पढून घाईने परत ओट्याशी यायचे, आणि ओल्या बाहीतून एक थेंब भांड्यात पडतो. चकचकीत, पातळ चॉकलेट बघता बघता घट्ट, रवाळ गोळा होते. चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे बारीक कण स्निग्ध पदार्थात पसरलेले असतात. पाणी शिरले की ते एकमेकांना चिकटतात. साखरेच्या डब्यात ओला चमचा गेल्यावर होते तसेच. पाण्याखाली धुऊन नीट न सुकवलेले खजूर हाच घोटाळा करतात. लाकडी डावही नको, तो आत ओल धरून ठेवतो.

वितळवण्याची नेहमीची रीत म्हणजे भांड्यावर भांडे. खालच्या पातेल्यात दोन बोटे पाणी उकळायचे, गॅस बंद करायचा आणि मग वर चॉकलेटचे भांडे ठेवायचे. वरच्या भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये, आणि ते खालच्यापेक्षा रुंद हवे, नाहीतर कडेने आलेली वाफ आत उतरते. उतरवताना तळ फडक्याने पुसून घ्यावा. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या शक्तीवर २०-३० सेकंद, बाहेर काढून ढवळणे, पुन्हा तेवढेच. मायक्रोवेव्हमध्ये चॉकलेट आतून मऊ झाले तरी तुकड्यांचा आकार तसाच राहतो. तो बघून 'अजून वितळलं नाही' म्हणत वेळ वाढवली की ते करपते. पांढरे चॉकलेट सर्वांत आधी.

करपलेल्याला इलाज नाही. पाणी लागलेल्याला मात्र आहे, आणि तो ऐकायला उलटा वाटेल: आणखी पाणी. ६० ग्रॅमला निदान एक मोठा चमचा गरम दूध किंवा पाणी थोडे थोडे घालून ढवळत राहिले की गोळा सुटतो. त्यात खजूर बुडवता येत नाहीत, पण केकच्या थरांमध्ये किंवा आइस्क्रीमवर ते झकास लागते. फेकून देण्याची ही वस्तू नव्हे. २०२४ मध्ये आयव्हरी कोस्ट आणि घाना या देशांत पीक बिघडल्याने कोकोचा भाव जगाच्या बाजारात टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला होता. एका किलोचे नुकसान म्हणजे घरगुती धंद्यात चार-पाच डब्यांची कमाई.

ब्राउनी करणाऱ्यांचे काम सोपे. लोण्याबरोबर वितळवले, जरा निवू दिले, अंडी घातली, झाले. खरी परीक्षा खजुरावर चढवायच्या थराची. दुकानात मिळणारे कंपाउंड चॉकलेट वनस्पती चरबीचे असते. ते वितळवले, बुडवले, की घट्ट होते. ज्यात खरे कोको बटर आहे त्याला नुसते वितळवून भागत नाही. दोन तृतीयांश चॉकलेट ४५ अंशांपर्यंत तापवायचे, उरलेले बारीक चिरून त्यात घालायचे आणि ३१-३२ अंशांवर येईपर्यंत ढवळायचे. दुधाच्या चॉकलेटला दोन अंश कमी. जुने कारागीर ओठाला लावून अंदाज घेतात. दिवसा रोजात ते जमणार नाही, म्हणून साधा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. सुरीचे टोक बुडवून ठेवले आणि पाचेक मिनिटांत चकचकीत थर धरला, की खजूर घ्यायला हरकत नाही.

पण दिवसा करायचेच कशाला? रमजान दरवर्षी १०-११ दिवसांनी अलीकडे सरकतो, तरी गेली काही वर्षे तो मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडला. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळते, आणि आपल्याकडे मार्चची दुपार त्याच्याही पुढे जाते. म्हणून ही रात्रीची जागरणे. तरीही थर धरायला वेळ लागला तर दहा मिनिटे फ्रिज चालतो. रात्रभर ठेवले तर बाहेर काढल्यावर दव धरते आणि साखर वर येऊन डाग पडतात. कोको बटर नीट बसले नाही तरी असाच पांढुरका पापुद्रा येतो. तो खाण्यात काही अपाय नाही, पण ज्याने पैसे मोजलेत त्याला ती बुरशीच वाटते. एकदा 'खराब माल दिला' असे गल्लीत झाले, की पुढच्या ईदला फोन येत नाही. म्हणून डबा देताना एक वाक्य सांगून टाकलेले बरे: उन्हात गाडीत ठेवू नका.

पहाटे चारला सहेरीसाठी घर जागे होते, तोवर डबे भरून झालेले असतात. भांड्याच्या कडेला राहिलेले चॉकलेट घट्ट झालेले असते. ते बोटाने खरवडून खायचा मान घरातल्या सर्वांत धाकट्याचा, आणि त्यासाठी तो हाक न मारता उठतो.