गार इंजिन, पेन्सिलीचा छाप

रामनगरच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात काशीनरेशांच्या जुन्या मोटारी आहेत. शेजारी पालख्या, हौदे, तलवारी, हस्तिदंताचं काम. धुळीखाली सगळं कसं एकाच वयाचं दिसतं. पण त्या दिवशी आम्ही मोटारी बघायला गेलोच नव्हतो. पुण्याच्या माझ्या मित्राला रामनगरातली एक मोटरसायकल विकत घ्यायची होती, आणि ‘सकाळी सातच्या आत या’ असा ती विकणाऱ्या काकांचा निरोप होता. किल्ला उघडायला अवकाश होता, तो नंतर पाहिला.

काका मूळचे गंगेपलीकडच्या ब्रह्माघाटाकडच्या मराठी घराण्यातले. पेशवाईनंतर काशीला स्थिरावलेली ही मंडळी अजून घरात मराठी बोलतात, पण वाक्याच्या शेवटी बनारस डोकावतंच. ‘हात लावून बघा, गार आहे ना? आता तुम्ही म्हणाल तेव्हा चालू करतो,’ काका म्हणाले.

सातच्या आत बोलावण्यामागचं इंगित हे होतं. जुनी गाडी विकणारा हुशार माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतो. तापलेलं इंजिन कसंही चालू होतं. प्रामाणिक विक्रेता गार इंजिनावर गिऱ्हाइकाचा तळहात ठेवतो. मित्राने ठेवला. ऑक्टोबरातल्या गंगाकाठच्या पहाटेइतकंच ते गार होतं.

गाडी म्हणजे 1970 ची जावा, अडीचशे सीसी. नाव चेकोस्लोव्हाकियातलं. यानेचेक या कारखानदाराने 1929 साली वाँडरर कंपनीचा मोटरसायकलचा आराखडा घेतला आणि दोन्ही नावांची रोमन लिपीतली पहिली दोन-दोन अक्षरं जोडली: जा-वा. भारतात म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना 1961 पासून या गाड्या बनवायला लागला, पुढे त्याच गाडीची येझदी झाली, आणि 1996 मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. म्हणजे काकांच्या गाडीचं माहेरच उरलेलं नाही.

आता जावाचा दांडा. डाव्या बाजूला एकच दांडा आहे. तो इंजिनाकडे आत दाबायचा, मागे फिरवून उभा करायचा, की तो किक होतो. गाडी चालू झाली की तोच पुढे आडवा करायचा, की गिअरचा दांडा. शिवाय गिअर टाकताना पायाच्या दाबाने क्लचही आपोआप सुटतो, हाताने दाबला नाही तरी चालतं. इतक्या वर्षांपूर्वी हे कुणाला सुचलं असेल, असं मी तीन वेळा पुटपुटलो. तिसऱ्यांदा काका म्हणाले, ‘पाय मारा की!’

दुसऱ्या किकला ती बोलली. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन, आणि दोन्हींतून तो पोकळ, किंचित धातूचा टण्णकार. अशा टू-स्ट्रोक इंजिनात झडपाच नसतात. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली छिद्रं स्वतःच उघडतो नि झाकतो. घरमालकच दरवानाचं काम करतो म्हणा ना! पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनखालच्या पोकळीत येतं, तिथून वर ढकललं जातं. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरमागे साधारण 40 मिली. जाता जाता ते बेअरिंगांना चाटून जातं आणि मग जळून जातं.

जुन्या गाडीच्या जाहिरातीतल्या ‘उत्तम राखलेली’ या दोन शब्दांचा अर्थ इथे आहे. टू-स्ट्रोक गाडी नुसती पुसून राखता येत नाही. उभी राहिली की आतल्या बेअरिंगांना तेल मिळत नाही, गंज धरतो. क्रँकची रबरी सील सुकतात. सील गेलं की गिअरपेटीतलं तेल आत ओढलं जातं आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही. म्हणून चकचकीत रंग बघून भुलायचं नाही, दहा मिनिटं धूर बघायचा. काकांच्या गाडीचा धूर तिसऱ्या मिनिटाला पातळ झाला. टाकीवरच्या सोनेरी रेघा मात्र जागोजाग झिजल्या होत्या, जिथे गुडघा लागतो तिथे. मित्राला त्या झिजेचंच जास्त कौतुक. नव्याने मारलेल्या रेघा कुठेही मिळतात.

मग पेन्सिल निघाली. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, राजाचं डोकं उमटायचं. आरटीओला चेसिस नंबर तसाच लागतो: हँडलच्या मानेवर ठोकलेल्या आकड्यांवर कागद धरायचा, शिसं घासायचं. एकेक आकडा धुक्यातून यावा तसा वर आला. मित्राने तो आरसी बुकाशी ताडून पाहिला, मग इंजिनाचाही. दोन्ही जुळले. आकडे जुळले की गाडीचं मोल एकदम वेगळं होतं. न जुळले तर चोरीचा किंवा तुकडे जोडल्याचा वास येतो.

इथे माझी एक ठेच सांगतो. मी माझी जुनी स्कूटर एकदा पैसे मोजून, चहा पिऊन, किल्ली देऊन टाकली आणि विसरलो. तीन वर्षांनी दंडाची पावती माझ्या घरी आली. कायद्याच्या लेखी स्कूटर माझीच होती! मोटार वाहन कायद्याचं 50 वं कलम सांगतं की विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत, परराज्यात विकली तर 45 दिवसांत कळवायचं. घेणाऱ्याने 30 दिवसांत. 2018 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. मोटार एकापाठोपाठ एक हात बदलत गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाची. अपघाताची भरपाई न्यायालयाने त्या पहिल्याच मालकावर ठेवली. लोखंड गेलं तरी कागद पाठ सोडत नाही.

काका हे जाणून होते. मालकी बदलाचे नमुना 29 आणि 30, परराज्यासाठी ना-हरकतीचा नमुना 28, सगळं एका जुन्या पंचांगात घडी घालून ठेवलेलं. कागदांवरून गोष्ट उधारीवर गेली. रामनगर हे लालबहादूर शास्त्रींच्या घराण्याचं गाव, त्यांचं वडिलोपार्जित घर इथेच आहे. पंतप्रधान असताना शास्त्रींनी 12,000 रुपयांची फियाट घ्यायला बँकेकडून 5,000 रुपये कर्ज काढलं होतं, आणि त्यांच्या निधनानंतर पत्नी ललिताबाईंनी ते फेडलं. काकांनी हे असं सांगितलं की जणू शेजारच्यांचीच उधारी.

पन्नास वर्षं उलटल्यामुळे या जावाला आणखी एक वाट मोकळी आहे. जुलै 2021 च्या नियमांनी पन्नाशीपुढच्या, मूळ रूपात ठेवलेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेजचा दर्जा दिला. नवी नोंदणी केली तर ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर, शुल्क 20,000 रुपये; आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवायची मुभा. पण मग रोज भाजी आणायला ती नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. मित्र विचारात पडला. त्याला ती चालवायची होती. काकांना मात्र उत्तर प्रदेशचा, यू अक्षराने सुरू होणारा नंबर जाऊ नये असं वाटत होतं. या एका गोष्टीवर घासाघीस झाली, किमतीवर नाही.

गाडी रेल्वेच्या पार्सलने जाणार होती, आणि रेल्वे टाकी पूर्ण रिकामी करून मागते. काकांनी कार्ब्युरेटरची नळी काढून डब्यात धरली. निळसर, तेलकट पेट्रोल बारीक धारेने उतरत राहिलं. धार थेंबांवर आली तसं त्यांनी गाडी दोन्ही हातांनी धरून डावीकडे कलती केली, मग उजवीकडे, बाळाच्या कानातलं पाणी काढावं तशी. मग खिशातून तेल मोजायचं छोटं स्टीलचं माप काढलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि मित्राच्या हातात दिलं.

‘एका लिटरला हे काठोकाठ,’ ते म्हणाले. ‘अंदाजाने ओतू नका.’