काटा खोटा कीं गाडी खोटी ?

अनेक घरांतून आजहि एखादी जुनी मोटार जिव्हाळ्यानें सांभाळलेली आढळते. कुर्ल्याच्या कारखान्यांत घडणारी पद्मिनी केव्हांच निघेनाशी झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. उत्तरपाड्याच्या ॲम्बॅसडरचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. तथापि वडिलांनीं हौसेनें घेतलेली गाडी भंगारांत घालण्यास ज्यांचें मन धजत नाहीं, अशीं कुटुंबें पुष्कळ आहेत. अशा गाडीचें इंजिन कित्येकदां ठणठणीत असतें. बिघडलेलीं असतात तीं चालकासमोरील फळीवरचीं मापकें. पेट्रोलचा काटा भरल्या टाकीस रिकामी म्हणतो, उष्णतेचा काटा थंड इंजिनास तापलेलें ठरवितो, आणि घाबरलेला मालक नको त्या दुरुस्तीवर पैसा घालवितो. याच्या उलट प्रकार तर अधिक भयंकर. इंजिन खरोखर तापत असतां काटा स्वस्थ बसून राहतो, आणि ऐन घाटांत, मुलेंबाळें गाडींत असतांना, इंजिनाचें हेड वांकण्याची पाळी येते.

येथें एक तत्त्व ध्यानांत घ्यावें. काटा दाखवितो तें प्रत्यक्ष नव्हे. टाकींतील पेट्रोल आपणांस दिसत नाहीं, दिसतो तो काटा; त्यावरून आपण करतों तें अनुमान. अनुमानाचें लिंगच दूषित असेल, तर निष्कर्षहि दूषित होणार. धुक्यास धूर समजणारा मनुष्य डोंगरावर अग्नि आहे असें खुशाल सांगेल. म्हणून काट्यानें कांहीं विपरीत दाखविलें कीं साक्षीदार विश्वासार्ह आहे काय, हें आधीं तपासावें.

ही साक्ष कशी येते तें पाहूं. पेट्रोलच्या टाकींत एक तरंगणारा पोकळ गोळा असतो. तो वरखालीं झाला म्हणजे त्याच्या दांड्याचें टोंक बारीक तारेच्या वेटोळ्यावर सरकतें, विजेच्या मार्गांतील अडथळा कमीजास्त होतो आणि त्याप्रमाणें काटा हलतो. उष्णतेच्या मापकांत गोळ्याच्या ऐवजीं इंजिनाच्या पाण्यांत बसविलेलें एक बोंड असतें; पाणी तापलें कीं त्याचा अडथळा घटतो. वीज परत बॅटरीकडे जाते ती गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतून. या परतीच्या वाटेस मिस्त्री लोक ‘अर्थ’ म्हणतात. संस्कृत जाणणारास हा शब्द गमतीचा वाटेल, परंतु तो अगदीं सार्थ आहे. गंज, रंग किंवा पावसाळी ओल यांमुळें हा अर्थ हरवला कीं काटा निरर्थक बोलूं लागतो.

दोष शोधण्याची रीत आपल्या पूर्वसूरींनीं सांगितलेल्या अन्वय-व्यतिरेकाचीच आहे. सर्व मापकें व दिवे एकदम मेले असतील, तर दोष सर्वांस सामाईक अशा ठिकाणीं, म्हणजे फ्यूजमध्यें किंवा मुख्य तारेंत शोधावा. पेट्रोल व उष्णता हे दोन्ही कांटे एकाच वेळीं अधिक दाखवूं लागले, तर टाकी आणि इंजिन हीं दोन्ही एकदम बिघडलीं असें मानणें अयुक्त होय. पुष्कळ जुन्या इंग्रजी घडणींत या दोहोंस मिळून एक छोटा नियामक असतो. तो बॅटरीच्या १२ व्होल्टांचे सरासरी १० व्होल्ट करून देतो. त्याचा अर्थ तुटला कीं तो वीज आवरीत नाहीं आणि दोन्ही कांटे वर चढतात. असा एक स्क्रू घासून घट्ट केल्यानें जें काम होतें, त्यासाठीं लोक दोन नव्या तबकड्या आणतात !

एकच काटा चुकत असेल तर त्याचीच वाट तपासावी. किल्ली बंद ठेवून टाकीवरील यंत्राची तार काढावी, ती टाकीपासून दूर सांगाड्याच्या स्वच्छ लोखंडास जोडावी, आणि मगच किल्ली क्षणभर फिरवावी. हा क्रम कदापि बदलूं नये. पेट्रोलजवळ ठिणगी उडणें म्हणजे प्राणाशीं गांठ. काटा ‘भरली’कडे सरकला तर तबकडी व तार निर्दोष, दोष टाकींतील यंत्रांत किंवा त्याच्या अर्थांत. काटा हललाच नाहीं तर दोष अलीकडे. कांहीं जुन्या घडणींत काटा याच्या उलट चालतो, यास्तव आपल्या गाडीची पुस्तिका आधीं पाहावी.

कांहीं गाड्यांत उष्णतेचें मापक विजेवर चालत नाहीं. बारीक तांब्याच्या नळींतून वाफेचा दाब काट्यापर्यंत जातो. त्याचें बोंड इंजिन थंड असतां काढून उकळत्या पाण्यांत धरावें. समुद्रकांठीं काटा १०० अंशांजवळ यावा; महाबळेश्वरीं पाणी सुमारें ९५-९६ अंशांवरच उकळतें, हें विसरूं नये. नळी फुटली असेल तर तें काम जाणत्या कारागिराचें.

वेगमापकाचा काटा थरथरत असेल तर त्याची फिरती केबल कोरडी पडली किंवा कोठें मुरगळली असें समजावें. वंगण द्यावें तें बेतानें, आणि तबकडीकडील टोंक कोरडें ठेवावें. नाहींतर वंगण चढून तबकडींत शिरतें.

आतां सर्वांत महत्त्वाचें. इंजिनाच्या तेलाचा तांबडा दिवा चालत्या गाडींत लागला, तर तो खोटा असेल असा तर्क करीत बसूं नये. गाडी कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें. तेलाची पातळी व दिव्याची सत्यासत्यता यांची चौकशी नंतर. खोट्या हांकेनें तासभर जाईल, खरी हांक दुर्लक्षिली तर इंजिन जाईल. शिवाय गाडी सुरू करण्यापूर्वीं किल्ली फिरवितांच हा दिवा लागतो कीं नाहीं, तें रोज पाहावें. न लागणारा दिवा म्हणजे आरोग्य नव्हे. कदाचित् बल्बच गेलेला असेल, आणि मुका पहारेकरी असून नसून सारखाच.

घरांतील तरुण मुलामुलींस ही तपासणी एकदां शेजारीं बसवून दाखवावी. जुन्या गाडीचे सुटे भाग दुर्मिळ होत आहेत. उद्यां तबकडी मिळेल न मिळेल, परंतु अभियोग मांडण्यापूर्वीं साक्षीदार पारखण्याची ही संवय त्यांस गाडीबाहेरहि जन्मभर पुरेल.