सुईनंतरची पंधरा वर्षं

फिंगोलिमोड ही गोळी सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. पुन्हा पुन्हा उसळणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या नसांच्या आजारावर तिथे मंजुरी मिळालेलं पोटात घ्यायचं हे पहिलं औषध. त्याला पंधरा वर्षं होत असतानाच ओळखीतल्या एका तरुण मुलीची गोळी पैशाअभावी बंद पडली, म्हणून हे लिहिते आहे.

१९९३ पर्यंत ॲटॅक आला की स्टेरॉइडची सलाईन, एवढाच इलाज होता. त्या वर्षी इंटरफेरॉनचं इंजेक्शन आलं. आपल्याकडे हा गोऱ्यांचा आजार समजला जाई. मुंबईच्या डॉ. नोशीर वाडियांनी १९९० मध्ये पारशी समाजातलं त्याचं प्रमाण दाखवून दिलं, तरी पुढे कित्येक वर्षांनी माझ्या धाकट्या बहिणीची नजर गेली तेव्हा नागपुरातल्या एका डॉक्टरांनी "मनावर ताण आहे, लग्न करून टाका" असं सांगितलं. त्या सल्ल्यात तिचं दीड वर्ष गेलं. तो राग अजून आहे.

नंतरचं दशक सुईचं. दिवसाआड इंजेक्शन, कधी मांडीत, कधी पोटावर, आणि रात्रभर कणकण. औषध फ्रिजमध्येच ठेवायचं. इथे नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो आणि त्या वर्षांत भारनियमन तासन्‌तास चाले. आई बर्फाचा थर्मास घेऊन वीज असलेलं घर शोधत फिरायची. त्यात ऊन हाच या आजारातला वैरी. अंग थोडं तापलं तरी दुखावलेल्या नसांतून संदेश नीट जात नाहीत, दिसणं धूसर होतं, पाय उचलत नाही. विल्हेम उथॉफ यांनी हे १८९० मध्येच नोंदवलं होतं. जागतिक एमएस दिन ३० मेला, म्हणजे आमच्या ऐन नवतप्यात येतो. कार्यक्रमाला यायचं तर रुग्णांनी यायचं कसं?

गोळीने ही धावपळ संपवली. क्योटोचे तेत्सुरो फुजिता आणि त्यांचे सहकारी एका बुरशीतल्या द्रव्यापासून तिच्यापर्यंत पोचले. ती पांढऱ्या पेशींना लसिका ग्रंथींतच अडवून धरते, मेंदूकडे जाऊ देत नाही. पहिल्या दिवशी नाडी मंदावते, म्हणून सहा तास देखरेखीखाली बसवतात. चाचणीत शंभर रुग्णांमागे वर्षाला ४० ॲटॅक येत होते, ते १८ वर आले. पाठोपाठ टेरिफ्लुनोमाइड आणि डायमिथाइल फ्युमरेट आलं, पुढे देशी कंपन्यांच्या गोळ्या निघाल्या, किंमत उतरली. बहीण पुन्हा नोकरीवर जाऊ लागली.

पण ही गोळी मध्येच सोडता येत नाही. फिंगोलिमोड थांबवल्यावर आजार पूर्वीपेक्षा जोरात उसळू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये दिला. आपल्या आरोग्य योजना मात्र मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहेत. ॲटॅक येऊन खाटेवर पडलात तर सलाईनचे पैसे मिळतील. तो टाळणारी, घरी रोज घ्यायची गोळी खिशातून आणा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव आलं, पण सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं. गोळीने जिला चालतं ठेवलं, तिचे टक्के कुठून भरणार?

राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत या गोळ्यांचा समावेश करा, आणि नागपूरच्या मेडिकल, मेयो, सुपर स्पेशालिटी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण खिडकीवर त्या दर महिन्याला खंड न पडता द्या. विदर्भातल्या आमदारांनी येत्या हिवाळी अधिवेशनात हा प्रश्न मांडावा.