एअर रायफलची वेगवान नेमबाजी : ‘टार्गेट स्प्रिंट’च्या पूर्वतयारीचे स्वरूप

प्रस्तावना :

नेमबाजी हा स्थैर्याचा खेळ आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे आणि ती निराधार नाही. अंजली भागवत, सुमा शिरूर यांच्यापासून २०२२ साली कैरो येथे जगज्जेता ठरलेल्या रुद्रांक्ष पाटीलपर्यंत महाराष्ट्राला लाभलेली दहा मीटर एअर रायफलची परंपरा संथ व एकाग्र नेमबाजीची आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या प्रकारच्या पात्रता फेरीत ६० छऱ्यांसाठी ७५ मिनिटे, म्हणजे प्रत्येक छऱ्यास ७५ सेकंद उपलब्ध होते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ‘टार्गेट स्प्रिंट’ या प्रकारात एवढी उसंत नसते. ४०० मीटर धावणे, दहा मीटरवरील पाच लक्ष्ये उभ्याने पाडणे, पुन्हा धावणे, पुन्हा पाच लक्ष्ये आणि अखेरची धाव, असा त्याचा क्रम असून अंतिम रेषा प्रथम ओलांडणारा विजयी होतो. धावताना रायफल जवळ नसते. ती नेमबाजीच्या जागीच ठेवलेली असते. या प्रकाराच्या पूर्वतयारीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुरेसा नेम :

एअर रायफलच्या कागदी लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. छरा ४.५ मिलिमीटरचा असल्याने तो ठिपक्यास स्पर्श करण्यासाठी त्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असावा लागतो. टार्गेट स्प्रिंटमधील पडणाऱ्या लक्ष्याचा व्यास ३५ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या साडेसतरा मिलिमीटर असते. सातपट मोकळीक मिळूनही कागदावर उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी येथे मागे पडतो, कारण तो सवयीने दहा गुणांच्याच नेमाची वाट पाहत राहतो. ‘पुरेसा नेम’ ओळखणे हे स्वतंत्र कौशल्य असून ते मुद्दाम शिकवावे लागते.

त्यासाठी महागडी यंत्रणा आवश्यक नाही. नेहमीच्या कागदी लक्ष्यावरील काळ्या वर्तुळाचा व्यास ३०.५ मिलिमीटर असतो. त्याच्या कडेस स्पर्श करणाऱ्या छऱ्याचा मध्य केंद्रापासून साडेसतरा मिलिमीटरवरच असतो. म्हणून ‘काळ्यास छरा लागला की लक्ष्य पडले’ असे मानून कोणत्याही महाविद्यालयास हा सराव सुरू करता येईल.

वेळ कोठे वाचतो?

‘लवकर उडव’ ही मैदानावर हमखास ऐकू येणारी सूचना प्रस्तुत लेखकास घातक वाटते. समजा, छरा भरणे आणि नेम धरून चाप ओढणे यांस मिळून सात सेकंद लागतात. नेम घाईने उरकून हा काळ सहा सेकंदांवर आणला, तर पाच छऱ्यांत पाच सेकंद वाचतील. परंतु एकच छरा चुकला तर सहाव्या छऱ्याचे सहा सेकंद भरावे लागतील. याउलट छरा भरण्यातील एक सेकंद कमी केल्यास नेमाचे काहीच बिघडत नाही. छऱ्यांची डबी हाताच्या ठरलेल्या टप्प्यात ठेवणे, सर्व छरे एकाच दिशेस तोंड करून मांडणे, खांद्यावरील दस्त्याची जागा दरवेळी तीच राखणे या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींतच खरा वेग दडलेला आहे. यास्तव स्टॉपवॉचवर भरण्याचा व नेमाचा काळ वेगवेगळा नोंदवावा. एकत्रित नोंदीतून दोष कळत नाही.

श्वास व नाडी :

धावून आलेल्या खेळाडूची नाडी मिनिटास १६० असेल, तर दोन ठोक्यांमध्ये जेमतेम ०.३७ सेकंद मिळतो. दोन ठोक्यांच्या मधोमध चाप ओढण्याचा संथ नेमबाजीतील उपदेश येथे निरुपयोगी ठरतो. नाडी शांत होईपर्यंत थांबणेही परवडत नाही. हाती उरतो तो श्वास. छरा भरताना खोल श्वास घ्यावा, रायफल उचलल्यावर तो अर्धा सोडून क्षणभर रोखावा आणि चाप ओढावा. तेवढ्यात नेम जमला नाही तर आणखी एक श्वास घ्यावा; श्वास कोंडून नेम रेटल्यास दृष्टी अंधुक होऊ लागते व हात थरथरतात. चाप ओढताच लक्ष्य पडले का, हे पाहण्यासाठी मान उचलण्याचा मोहही आवरला पाहिजे. सेकंदास सुमारे १७० मीटर वेगाचा छरा दहा मीटर अंतर ०.०६ सेकंदात कापतो. तेवढी स्थिरता पुरे.

सराव टप्प्याटप्प्याने वाढवावा. प्रथम न धावता केवळ घड्याळाबरोबर, नंतर १०० मीटर धावून आणि शेवटी पूर्ण ४०० मीटर धावून नेमबाजी करवून घ्यावी.

सुरक्षितता :

धापा टाकणाऱ्या तरुणाच्या हाती शस्त्र देताना शिस्त सैल पडता कामा नये. रायफल उचलल्यापासून परत ठेवेपर्यंत नळी लक्ष्याकडेच असावी, छरा उभे राहण्याच्या जागीच भरावा आणि नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर असावे. परत धावण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री झालीच पाहिजे. स्टॉपवॉचचे काटे या तपासणीसाठी थांबवावेत, म्हणजे विद्यार्थ्यास ती टाळण्याचे कारण उरत नाही. हवेच्या नळकांड्यावरील मुदतीची तारीखही सत्राच्या आरंभी तपासून नोंदवहीत लिहावी. मुदत संपलेले नळकांडे पुन्हा भरू नये.