बोअरचा बोकड, उस्मानाबादीची कूस

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातून बोअर शेळीचे गोठवलेले भ्रूण आणले. इथल्या शेळ्यांच्या पोटी ते वाढले आणि पांढऱ्या अंगाची, तांबड्या डोक्याची, लोंबत्या कानांची करडं फलटणच्या उन्हात जन्मली. बोअर मूळची दक्षिण आफ्रिकेची. तिथल्या शेतकऱ्यांनी निव्वळ मांसासाठी, रुंद पाठ आणि भरलेल्या मांड्या बघून, पिढ्यान् पिढ्या निवडत ती घडवली. पूर्ण वाढलेला बोकड शंभर किलोच्या पुढे जातो. आपली काळीभोर उस्मानाबादी शेळी तीस-बत्तीस किलोची.

हा फरक ऐकला की शेळीपालक पहिला प्रश्न विचारतो, "मग सगळ्या बोअरच का आणू नयेत?"

हिशेब असा आहे. आई वर्षभर खाते ती स्वतःच्या वजनाप्रमाणे. उन्हाळ्यात बांधावर बाभळीच्या शेंगा आणि वाळका पाला एवढंच उरतं, तेव्हा तीस किलोची शेळी त्यावर तग धरते. ऐंशी किलोच्या शेळीला तेवढ्यात भागत नाही, तिला दावणीला खुराक लागतो. शिवाय उस्मानाबादी जुळी देण्यात चांगली. म्हणून आई लहान आणि काटक ठेवायची, बाप मोठा आणायचा. करडाला अर्धा वाटा बापाकडून मिळतो, आणि दोन वेगळ्या जाती पहिल्यांदा एकत्र आल्या की वाढीचा जो जोम येतो तो वरकड मिळतो. एक बोकड पंचवीस-तीस शेळ्यांना पुरतो, म्हणजे बदल करायला एकच जनावर विकत घ्यावं लागतं.

तेही परवडत नसेल तर कृत्रिम रेतन आहे. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवलेली रेतमात्रा ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरून वापरतात. पण सगळं अडतं ते माज ओळखण्यापाशी. शेळी साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि दीड दिवसात माज ओसरतो. सकाळी गोठ्यात पोटाला फडकं बांधलेला बोकड फिरवा. फडक्यामुळे तो शेळी भरू शकत नाही, पण माजावरची शेळी बरोबर हुडकतो. ती शेपूट भराभर हलवते, ओरडते, वैरणीत तोंड घालत नाही, मागून पारदर्शक सोट दिसतो. आणि बोकड जवळ आला की जागची हलत नाही. हीच पक्की खूण. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढे पाच महिन्यांनी शेळी विते.

पहिल्यांदा गाभण राहणाऱ्या लहान पाठीला बोअर लावू नका. करडू मोठं असतं, अडतं. दोन वेतं झालेली, कंबरेची रुंद शेळी निवडा. व्याल्यावर तासाभरात करडाला चीक मिळाला पाहिजे. झपाट्याने वाढणाऱ्या अशा करडाला आईचं दूध पुरतं का, हेही बघायला हवं. आंत्रविषार आणि पीपीआरच्या लसी संकरित करडाला चुकत नाहीत. कोकणातल्या सततच्या ओलीत बोअरला जंत आणि खुरांचा त्रास फार होतो. तिथे कोकण कन्याळ ही तिथलीच जात सांभाळावी असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्ध्या रक्ताची करडं मांसाला विकायची. उस्मानाबादी आया मात्र उस्मानाबादी बोकडाकडूनच तयार करायच्या, त्यासाठी कळपातल्या काही चांगल्या शेळ्या दरवर्षी बाजूला काढायच्या. याच गोष्टीचा मला घोर लागतो. संकराच्या भरात शुद्ध आयाच संपल्या तर पुढचा संकर कशावर करणार?

एका वस्तीवर मी पाहिलं: देखणा अर्ध्या रक्ताचा बोकड मालकाने हौसेने पैदाशीला ठेवला होता. त्याच्याच बहिणींना तो लागला. पुढच्या वेतात एका शेळीखाली एक करडू थोराड आणि दुसरं मरतुकडं. पहिल्या पिढीचा तो जोम कुठे दिसेना. म्हणून संकरित बोकड अडीच-तीन महिन्यांचा झाला की खच्ची करा. करायचा नसेल तर त्या दिवसापासून वेगळा बांधा. आणि संकराने खरंच किती फरक पडला हे कळायला, टांगत्या काट्याला लावून त्याचं वजन वहीत लिहा आणि शेजारी त्याच आठवड्यात जन्मलेल्या उस्मानाबादी करडाचंही लिहा.